उन्हाळ्याची पहिली चूल: गोव्यात अंगणात मित्रांसोबत निखाऱ्यावर भाजायचं कसं

संध्याकाळी साडेपाचला कोळसा पेटवायचा आणि सव्वासहाच्या आधी जाळीवर साधा कांदासुद्धा ठेवायचा नाही. खाली जे सगळं लिहिलंय ते ह्या एका गोष्टीभोवतीच फिरतं, कारण मी आजवर जेवढ्या अशा पार्ट्या बिघडताना बघितल्या तेवढ्या बहुतेक घाईने बिघडल्या, मसाल्याने नाही. ज्वाळेवर भाजलं की वरून काळं आणि आत कच्चं. निखाऱ्यावर भाजलं की तोच बांगडा असा लागतो की दुसऱ्या दिवशी लोक फोन करून विचारतात काय घातलेलं.

आमच्याकडे हे शिगमो (गोव्यातला शिमगा) झाल्यावरच्या पहिल्या मोकळ्या रविवारी असतं. तोपर्यंत थंडी गेलेली असते, काजूच्या बागांतून बोंडूंचा (काजूच्या फळांचा) वास यायला लागलेला असतो, हुर्राक (काजूच्या रसाची दारू) निघालेली असते आणि एप्रिल-मेचा तो अंगाला चिकटणारा घाम अजून सुरू झालेला नसतो. मासेही भरपूर असतात, ट्रॉलरबंदी १ जून ते ३१ जुलै म्हणजे अजून लांब. रविवारच का, तर सोमवारी आमच्यातले अर्धे मासे खात नाहीत आणि गुरुवारी उरलेल्यातले काही, त्यामुळे तारीख ठरवताना आधी ह्याची चौकशी करा, नाहीतर बारा बांगडे आणि खाणारे चार अशी वेळ येते.

जागा

बीचवर करू नका. हे आधीच सांगतो कारण बाहेरून आलेले मित्र पहिलं तेच म्हणतात. गोव्यात पर्यटन स्थळांवर उघड्यावर जेवण शिजवायला आणि दारू प्यायला बंदी आहे, २०१९ मध्ये कायद्यात तसा बदल झाला आणि दंड हजारांत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ह्याच दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं बाहेर पडतात, त्यांना किनाऱ्यावरचा उजेड चुकवतो. आणि लोक जाताना निखारे वाळूत पुरून जातात. वाळूखाली निखारा विझत नाही, तासन्‌तास धगधगत राहतो आणि मग कोणाचं तरी लहान पोर अनवाणी त्यावर पाय देतं.

डोंगरावर, काजूच्या बागेत, रानाच्या कडेलाही नको. मार्चमधलं गवत म्हणजे नुसता कागद असतो. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागलेले ते विझवायला कितीतरी दिवस गेले, हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागलं, तेव्हा सत्तरी तालुक्याच्या बाजूने दिसणारा धूर ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणजे उरलं आपलं अंगण. नाहीतर ज्याच्याकडे अंगण आहे असा मित्र. आमच्यात एकाचं घर माशेलच्या बाजूला आहे, मागे मोकळी जागा, विहीर जवळ, बस्स. चूल मांडायची ती जागा माडाखाली नको (सुकलेलं चुडत कधी पडेल सांगता येत नाही आणि ठिणगी वर गेली तर झावळ पेटते), चारी बाजूंनी निदान दहा फूट पाचोळा झाडून काढलेला हवा आणि पाण्याने भरलेल्या दोन बादल्या पेटवायच्या आधी आणून ठेवायच्या, पेटल्यावर नाही. फ्लॅटवाल्यांसाठी एकच: बंद बाल्कनीत किंवा खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी आत घेणं हेही तितकंच वाईट.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. आमच्या शेजारच्या आजी दोरीवरचे कपडे चार वाजताच काढून ठेवतात आणि त्यांच्यासाठी एक बांगडा मसाल्याशिवाय, नुसत्या मिठाचा, पहिला जातो. तसं ठरलेलंच आहे.

चूल

तयार ग्रिल असेल तर उत्तम, नसेल तर विकत घ्यायची गरजच नाही. दहा-बारा चिरे गोळा करा, गोव्यात कोणाच्या ना कोणाच्या घरामागे बांधकामातले उरलेले चिरे असतातच. तीन बाजूंनी दोन-दोन थर रचा, चौथी बाजू उघडी ठेवा आणि ती उघडी बाजू वाऱ्याकडे. दुपारनंतर आपल्याकडे वारा समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून येतो, त्यामुळे तोंड साधारण पश्चिमेला. निखाऱ्याला आपोआप हवा मिळते आणि धूर मागे जातो, फक्त मागे लोकांच्या खुर्च्या नकोत. चिरे सुके घ्या, पाण्यात पडलेले किंवा व्हाळातले दगड नको, आत पाणी अडकलेलं असलं की तापल्यावर ते फुटून उडतात. आणि चूल मातीवर मांडा. फरशीवर किंवा काँक्रीटवर मांडली तर फरशी तडकते आणि मित्राची बायको पुढच्या वर्षी घरात घेत नाही.

जाळी स्टेनलेस स्टीलची. हार्डवेअरवाल्याकडे जी चमकदार स्वस्त जाळी मिळते तिला जस्ताचा मुलामा असतो, तापल्यावर त्याचा विषारी धूर होतो. जुन्या फ्रिजचे शेल्फ लोक वापरतात तेही नको, त्यावरच्या मुलाम्यात काय असेल भरवसा नाही. निखारे आणि जाळी ह्यांच्यात पाच-सहा इंच अंतर ठेवा.

माशासाठी मात्र दोन पाकळ्यांची बंद होणारी मुठीची जाळी घ्याच, ह्यावर पैसे खर्च करा. बांगडा उलटताना तुटतो, इसवणाचा (सुरमईचा) तुकडा चिकटतो, ह्या जाळीत अख्खे चार बांगडे एका झटक्यात उलटतात. त्याशिवाय एक लांब चिमटा (स्वयंपाकघरातली सांडशी आखूड पडते, हात भाजतो), एक लोखंडी कालथा, जुना तवा, आणि मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. थर्मामीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि चिकन झालं का नाही ह्या विषयावरचं सगळं भांडण मिटवतो.

कोळसा आणि करवंट्या

आम्ही बाराजणांना ५ किलो लाकडी कोळसा आणि एक पोतं करवंट्या घेतो, थोडं उरतं पण कमी पडण्यापेक्षा बरं. इथल्या हवेत दमटपणा इतका असतो की गोणीतला कोळसाही ओल धरतो, मग तो तडतडतो आणि धूर करतो, म्हणून आदल्या दिवशी पेपरवर पसरून एक दिवस ऊन द्या. ही साधी गोष्ट कोणीच करत नाही आणि मग पंख्याने वारा घालत बसतात.

करवंट्या म्हणजे आपल्या भागाची खरी देणगी. कोळशापेक्षा लवकर पेटतात, ताव जबरदस्त आणि शेवटी येणारा वास माशाला फार छान. पण सुरुवातीला त्या मोठ्या ज्वाळेने काळा धूर काढत जळतात, त्या वेळी वर काही ठेवलं तर काजळीच खायची. त्यांचाही निखारा होऊ द्या.

पेटवायला रॉकेल, पेट्रोल, प्लास्टिकची पिशवी ह्यातलं काहीही नको. चव तर जातेच, पण पेटत्या कोळशावर बाटलीतून ओतताना भडका हातापर्यंत येतो, हे डोळ्यांनी बघितलंय. त्याऐवजी १५ लिटरच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याची चिमणी करा: वरचं आणि खालचं झाकण दोन्ही कापून टाका, खालच्या चार इंचात सगळीकडून खिळ्याने भोकं पाडा, त्या भोकांच्या वर आडव्या जाड तारा ओवा की कोळसा खाली पडणार नाही. पहिल्यांदा डबा रिकामाच एकदा जाळून घ्या म्हणजे बाहेरचा रंग जळून जाईल. मग तारांच्या खाली सोडणाचा काथ्या आणि चुरगळलेला पेपर, वर करवंट्यांचे तुकडे, त्यावर कोळसा. खालून काडी लावा आणि सोडून द्या. हवा खालून वर खेचली जाते, फुंकायची गरज नाही. २५-३० मिनिटांत वरचे कोळसे कडेने पांढरे दिसायला लागले की हातात जाड मोजे घालून डबा चुलीत ओता. डबा नसेल तर कोळशाचा डोंगर करून मध्ये पेटवा, चाळीस मिनिटं धरा.

ओतल्यावर निखारे सगळीकडे सारखे पसरवू नका! दोन तृतीयांश एका बाजूला जाड थर, उरलेली बाजू जवळजवळ रिकामी. म्हणजे एक कडक बाजू आणि एक मंद बाजू झाली. कुठलाही तुकडा भडका घ्यायला लागला की पाणी मारायचं नाही, पाण्याने राख उडून जेवणावर बसते, फक्त तो तुकडा मंद बाजूला सरकवायचा.

ताव बघायला हात. जाळीच्या वर चार-पाच इंचावर तळहात धरायचा आणि मोजायचं. दोन-तीन सेकंदात काढावा लागला तर कडक, कोळंबीला आणि इसवणाच्या कापांना. चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम, अख्ख्या बांगड्याला, वांग्याला. सहा-सात सेकंद म्हणजे मंद, चिकनला सुरुवात इथून. निखाऱ्यावर राखेचा पातळ पांढरा पापुद्रा आणि आत लाल, ज्वाळ कुठेही नाही, ही ती वेळ. तोपर्यंत भुकेले मित्र चुलीभोवती घिरट्या घालणार, "आरे घाल मरे आता!" म्हणणार, त्यांना बोंडू कापून मीठ लावून द्या आणि लांब बसवा.

बाजार

मासे सकाळी साडेसहा-सातला. पणजीच्या बाजूने असाल तर मालीमच्या जेटीवर, नाहीतर आपापल्या गावच्या बाजारात ओळखीच्या मासेवालीकडे, तिला दोन दिवस आधी सांगितलं तर ती चांगला माल बाजूला ठेवते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आदल्या आठवड्याच्या सामानाला बरा, सुक्या मिरच्या, माडाचं व्हिनेगर, चोरीसच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा, मोयऱ्याची केळी सगळं एका फेरीत होतं.

बाराजणांना आमचं साधारण असं असतं: १२ बांगडे मध्यम आकाराचे, दीड किलो चिकनच्या तंगड्या, १ किलो सुंगटां (कोळंबी), अर्धा किलो चोरीस, आगशीची मोठी वांगी तीन, रताळी, दोन अननस, कांदे लिंबं पुष्कळ, आणि ३० पोई (इथले पोकळ पाव). पोईसाठी पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं, संध्याकाळी सायकलचा भोंगा वाजल्यावर पळत गेलात तर ३० मिळणार नाहीत.

बांगडा घेताना डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला लाल, बोटाने दाबल्यावर खळगा राहता कामा नये. घरी आणेपर्यंत बर्फात, घरीही बर्फात, जाळीवर जाईपर्यंत बर्फात. हे इतकं का म्हणतो, तर बांगडा, तारली, इसवण ह्या जातीच्या माशात तो उन्हात राहिला की हिस्टामीन तयार होतं आणि ते भाजून, तळून, कशानेही जात नाही. तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं धरतं, आणि माणूस म्हणतो मला माशाची ॲलर्जी झाली. ॲलर्जी नाही, मासा गरम जागी राहिलेला. तेहतीस-चौतीस डिग्रीच्या दिवसात कच्चं मांस-मासे बाहेर एक तासापेक्षा जास्त नको, शिजवलेलंही तसंच. १० किलो बर्फ घ्या आणि पेयांचा डबा वेगळा, मासळीचा वेगळा, पेयांचा सारखा उघडतात आणि थंडावा जातो.

मसाले, आदल्या रात्री

रेशाद मसाला घरचाच. २० ब्याडगी किंवा काश्मिरी मिरच्या (रंग पाहिजे, जाळ नको), लसणीच्या १०-१२ मोठ्या पाकळ्या, इंचभर आलं, एक चमचा जिरं, १० मिरी, ५ लवंगा, इंचभर दालचिनी, अर्धा चमचा हळद, लिंबाएवढी चिंच, एक चमचा साखर, मीठ. मिरच्यांचे देठ आणि बिया काढून सगळं माडाच्या व्हिनेगरमध्ये दोन तास भिजत घाला आणि त्याच व्हिनेगरमध्ये वाटा. पाण्याचा थेंब नको. पाणी नसलं की बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडेच्या आठवडे टिकतो, म्हणून मी दुप्पट करतो.

चिकनला काफ्रियाल. कोथिंबिरीची मोठी जुडी देठासकट, ७-८ हिरव्या मिरच्या, आलं-लसूण, मिरी, लवंग, दालचिनी, जिरं, दोन लिंबांचा रस, मीठ, आणि असेल तर झाकणभर रम. ही चव पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेतून आली असं सांगतात, मोझांबिक त्यांच्याच ताब्यात होतं, आता मात्र ती इतकी आपली झालीय की काफ्रियाल नसलेली पार्टी गोव्यात कोणी धरतच नाही. तंगड्यांना हाडापर्यंत तीन चिरा द्या आणि रात्रभर मुरवा. सुंगटांना मात्र वीस मिनिटं पुष्कळ, आंबटात जास्त वेळ ठेवली की ती आधीच शिजल्यासारखी होऊन रबर लागतात. मी त्यांना फक्त मीठ, हळद, लसूण आणि तेल लावतो आणि लिंबू भाजून झाल्यावर.

आता जाळीवर, ह्याच क्रमाने

चिकन सगळ्यात आधी. मंद बाजूला, कातडी वर, त्यावर उलटी कढई झाकण म्हणून. अर्धा तास तसंच, मध्ये एकदा फिरवायचं. मग कडक बाजूला पाच-सात मिनिटं, रंग आणि जरा करपट कड येईपर्यंत. हाडाजवळ थर्मामीटर ७४ दाखवेल तेव्हा झालं. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ कापून बघा, रस पारदर्शक आणि मांस गुलाबी नाही, तरच ताटात. कच्च्या चिकनची ताटली आणि चिमटा वेगळा, भाजलेलं त्यात परत घालू नका. पाच वर्षांपूर्वी आमच्यातल्या तिघांना दुसऱ्या दिवशी जो त्रास झाला तो ह्यानेच, चिकन नीट शिजलेलं होतं पण ते कच्च्याच्या परातीत काढलं होतं.

चिकन मंद बाजूला असताना कडक बाजूला वांगी. अर्ध्या इंचाचे काप, मीठ लावून पंधरा मिनिटं, पाणी पुसून, रेशाद आणि तेल चोळून प्रत्येक बाजूला चार मिनिटं. आगशीचं वांगं मोठं आणि गराचं असतं, आत लोणी होतं. शाकाहारी मंडळींसाठी जाळीचा एक कोपरा आणि वेगळा चिमटा आधीच ठरवून ठेवा. त्यांना माशाच्या जाळीवरचं वांगं द्यायचं आणि वर "काय होतंय त्याला" म्हणायचं, हे मला पटत नाही. रताळी फॉईलशिवाय, सालासकट, थेट निखाऱ्याच्या कडेला राखेत सरकवून द्या आणि विसरून जा. तासाभरात होतात.

चोरीस जाळीवर थेट टाकू नका. चरबी वितळून निखाऱ्यावर पडते आणि असा भडका होतो की बाहेरून कोळसा आणि आत कच्चं डुक्कर. ते मुरवलेलं असलं तरी कच्चंच मांस असतं हे बरेच जण विसरतात. तव्यात मणी सोडवून घ्या, अर्धी वाटी पाणी, तवा जाळीवर, पाणी आटेपर्यंत वीस मिनिटं, मग त्याच्याच चरबीत जाड चिरलेले दोन कांदे. पोई निखाऱ्यावर एक मिनिट गरम करून पोट फाडायचं आणि हे आत भरायचं. मीठ घालायचं नाही, आधीच भरपूर असतं.

मग बांगडे, आणि इथे मला जरा जास्त बोलू द्या. साफ करताना पोट पूर्ण उघडू नका, पाठीच्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी सुरी घालून खिसे करा, मसाला त्या खिशात. बाहेरून तीन तिरक्या चिरा आणि फक्त मीठ. अर्धा तास ठेवून बाहेरचं सुटलेलं पाणी कपड्याने टिपून काढा, ओला मासा जाळीला चिकटतो. बाहेर रेशाद फासू नका, त्यात साखर आणि मिरची आहे, मासा शिजायच्या आधी ते जळून कडू होतं. हॉटेलात बाहेरून लाल दिसतो तो तव्यावर केलेला असतो, निखाऱ्याचं गणित वेगळं आहे. मग माशाला तेल, जाळीलाही तेल, जाळी आधी पाच मिनिटं तापलेली. मध्यम तावावर एका बाजूला पाच मिनिटं हात लावायचा नाही. चिकटलेला वाटला तर तो अजून झालेला नाही, कातडी शेकली की मासा स्वतः जाळी सोडतो. उलटून आणखी चार-पाच मिनिटं. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सहज सुटलं की उतरवा. जे भाजतात त्यांनी पहिला बांगडा उभ्याउभ्या तिथेच खावा, तो हक्क आहे.

जाळी नसेल तर केळीचं पान. निखाऱ्यावर धरून मऊ करायचं, बांगडा गुंडाळायचा, हिराने टोचायचा आणि वर ठेवायचं, पान काळं झालं की आतला मासा वाफेवर तयार.

सुंगटां सगळ्यात शेवटी कारण तीन मिनिटांचंच काम. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा, प्रत्येक सुंगट शेपटीकडे आणि डोक्याकडे अशी दोनदा टोचा म्हणजे गोल फिरत नाही. कडक ताव, प्रत्येक बाजूला दीड-दोन मिनिटं, गुलाबी झालं की बस्स. तिसऱ्या किंवा शिणाणे (शिंपल्यांचे प्रकार) मिळाले तर तेही जाळीवर थेट, तोंड उघडलं की झाले, आणि जे उघडत नाहीत ते टाकून द्या. काड्या कमी पडल्या म्हणून कुंपणाच्या झाडाची फांदी कापायची तर आधी झाड ओळखा, कण्हेर आपल्याकडे घरोघरी असते आणि ती पूर्ण विषारी, तिची काडी मांसात घालायची नाही आणि तिचं लाकूड चुलीतही नको.

एक गोष्ट दरवर्षी कोणीतरी करायला जातो म्हणून: कच्च्या काजूच्या बिया जेवणाच्या निखाऱ्यात टाकू नका. सालातल्या तेलाने त्वचेला फोड येतात, ते पेटून पिचकाऱ्या उडतात आणि धूर डोळ्यांत-घशात झोंबतो. बिया भाजायच्या तर जेवण झाल्यावर, लांब वेगळी चूल, भोकं पाडलेला जुना पत्रा, लांब काठी, आणि ज्याने आधी कधी केलंय त्याच्याच हातून. पेटल्या की उतरवून राखेत लोळवायच्या, मग फोडायच्या. ताज्या भाजलेल्या काजूची सर पाकिटातल्याला नाही, पण पोरांना जवळ येऊ देऊ नका.

प्यायला

हुर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिली धार, वर्षातले दोन-तीन महिनेच मिळते, तेव्हा ह्याच दिवसांत ती. उंच ग्लास, भरपूर बर्फ, लिम्का, लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. सहज घशाखाली उतरते म्हणून हलकी समजू नका. आमचा नियम असा की जो भाजतोय तो जेवण उतरेपर्यंत पीत नाही, आणि घरी कोण गाडी चालवणार ते साडेपाचलाच ठरतं, त्याला सोलकढीचा मोठा तांब्या वेगळा. मुलांना नीरो (बोंडूंचा ताजा रस) द्यायचा असेल तर सकाळचा ताजाच, उन्हात ठेवला की तो आंबायला लागतो.

शेवटचा ताव आणि नंतर

साडेआठच्या सुमारास निखारे मंद होतात तेव्हा अननसाचे जाड काप आणि मोयऱ्याची केळी सालासकट. अननसाला थोडं मीठ-तिखट, केळ्याचं साल काळं पडलं की उभं फाडून आत गूळ आणि ओलं खोबरं. रताळी ह्याच वेळी राखेतून काढा.

जायच्या आधी निखारे पसरवा, पाणी हळूहळू बाजूला उभं राहून ओता (वाफ अंगावर येते), काठीने ढवळा, परत पाणी, आणि हात जवळ नेऊन बघा. ऊब लागते तोपर्यंत विझलेलं नाही. राख त्याच रात्री प्लास्टिकच्या डब्यात किंवा कचऱ्यात भरू नका, आतला एखादा निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. पूर्ण थंड झालेली लाकडी कोळशाची राख माडाच्या आळ्यात थोडी थोडी टाकता येते.

बांगडे उरले तर रात्रीच फ्रिजमध्ये. सकाळी काटे काढून हाताने कुस्करायचे, त्यात बारीक चिरलेला कच्चा कांदा, ओलं खोबरं, भाजलेली सुकी मिरची चुरून, मीठ आणि चिंचेचं घट्ट पाणी. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर घ्या. आमच्यात जो मागे राहून चूल साफ करतो त्याला हे मिळतं.